लोणारचा नकाशा आणि पॅकेजांचा पसारा

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर येते ते पॅकेजच्या रूपात. प्रोग्रॅमच्या फाइली, त्या डिस्कवर कुठे ठेवायच्या याची नोंद आणि या प्रोग्रॅमला आणखी कशाकशाची गरज आहे याची यादी, एवढे सगळे एका पॅकेजमध्ये बांधलेले असते. ही पॅकेजे आणणे, बसवणे, ताजी ठेवणे आणि नको झाली की मागे काही न उरवता काढणे हे पॅकेज मॅनेजरचे काम.

लोणारचे उदाहरण घेतले की हे काम किती गुंत्याचे आहे ते कळते. 2020 च्या उन्हाळ्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट 8 उपग्रहाने 25 मे आणि 10 जून रोजी टिपलेली चित्रे शेजारी ठेवली की तो बदल स्पष्ट दिसतो. हे सरोवर ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा 30 मीटरचा, म्हणजे अख्खे विवर साठेक ठिपक्यांत आडवे मावते. लँडसॅटची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि ती उघडायला विद्यार्थी-संशोधक सर्रास वापरतात ते क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प महाविद्यालयांत त्याचा प्रसार करतो. पण क्यूजीआयएस एकट्याच्या बळावर चालत नाही. चित्राची फाइल वाचते जीडीएएल ही लायब्ररी, अक्षांश-रेखांशांचे गणित करते प्रोज, सरोवराच्या काठाची आकृती कापते-जोडते जिओस, आणि पडद्यावरच्या खिडक्या व बटणे क्यूटीची. प्रत्येकीचे कर्ते वेगळे, वेळापत्रक वेगळे. त्यांच्या कोणत्या आवृत्त्या एकत्र नांदतील, हे कोणी आणि केव्हा ठरवायचे? निरनिराळ्या सिस्टिममधला खरा फरक या प्रश्नाच्या उत्तरात आहे. कमांडची नावे वेगळी असणे ही त्यामानाने किरकोळ बाब, तरी बहुतेक तुलना तिथेच अडकून पडतात.

1993 साली सुरू झालेल्या डेबियनचे उत्तर असे: आधी सगळे गोठवायचे, मग तपासायचे आणि मगच वाटायचे. तिथे पॅकेज प्रत्यक्ष बसवतो डीपीकेजी. भांडारातून, म्हणजे पॅकेजांच्या सामायिक साठ्यातून, शोधून गरजेच्या लायब्रऱ्यांसकट आणण्याचे काम त्याच्यावर बसलेल्या एपीटीचे. साधारण दर दोन वर्षांनी डेबियनची स्थिर आवृत्ती निघते आणि त्यानंतर तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत; सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत आणून बसवली जाते. म्हणून 2023 च्या डेबियन 12 मध्ये क्यूजीआयएस 3.22 होते, जे मुळात 2021 चे, आणि 3.40 साठी ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 पर्यंत थांबावे लागले. नवेपणाची हौस असणाऱ्यांना हे खटकते. ज्या प्रयोगशाळेत तीच पंचवीस यंत्रे तीन वर्षे बिनतक्रार चालावी लागतात, तिथे हाच गुण ठरतो. डेबियन 13 मधील पॅकेजांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. एवढा पसारा स्वयंसेवकांनी एकमेकांशी जुळवून ठेवला आहे, हे लक्षात घेतले की ही दिरंगाई फार वाटत नाही. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेली असल्याने हीच पद्धत तिच्याकडे वारशाने आली.

लायब्रऱ्यांच्या बाबतीत डेबियनची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. जीडीएएलच्या पॅकेजच्या नावातच आकडा असतो; डेबियन 12 मध्ये ते लिबजीडीएएल32 होते. लायब्ररी आतून इतकी बदलली की जुने प्रोग्रॅम तिच्याशी जुळणार नाहीत, तर आकडा बदलतो आणि नव्या नावाचे पॅकेज जुन्याशेजारी बसू शकते. लायब्ररीवर विसंबलेले सगळे प्रोग्रॅम नव्या आकड्यावर आणण्यास तिथे ‘ट्रान्झिशन’ म्हणतात, आणि तिला कधीकधी महिने लागतात.

रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे फेडोरा आणि तिच्या भावंडांत, पॅकेजचा साचा आरपीएम हा आहे. तो 1995 पासून वापरात आहे. वरचा थर आधी यम होता. 2015 च्या फेडोरा 22 पासून त्याची जागा डीएनएफने घेतली. फेडोराची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तिला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो, त्यामुळे क्यूजीआयएस तिथे ताजे असते आणि यंत्र मात्र वर्षातून एकदा तरी पुढच्या आवृत्तीवर न्यावे लागते. स्वभावातला फरक लहान गोष्टींतही जाणवतो. वापरकर्त्याने बदललेली सेटिंगची फाइल नव्या पॅकेजमध्येही बदलली असेल, तर डीपीकेजी थांबून विचारतो की कोणती ठेवू. आरपीएम काही न विचारता नवी फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो किंवा जुनीची प्रत काढून ठेवतो.

मराठी वाचकाचा या घराण्याशी संबंध पुण्यातून येतो. लोहित मराठी हा फॉन्ट ज्या मालिकेतला आहे, तिची देखभाल रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून होत आली, आणि फेडोराच्या फुडकॉन परिषदा 2011 व 2015 मध्ये पुण्यातच भरल्या. हा फॉन्ट फेडोरात आणि डेबियनमध्ये वेगवेगळ्या नावांनी मिळतो. संपूर्ण मराठी मांडणी हवी असेल तर डेबियनमध्ये टास्क-मराठी हे पॅकेज आहे, ते इतर पॅकेजांची नुसती यादी वाहते. फेडोराचे लँगपॅक्स-एमआर जरा हुशार आहे: ते यंत्रावर असेल आणि पुढे केव्हाही लिब्रेऑफिस बसवले, तर त्याचा मराठी भाग न मागता येतो. आरपीएममध्ये 2014 च्या सुमारास आलेल्या ऐच्छिक अवलंबनाच्या सोयीमुळे हे शक्य झाले.

हे सगळे जुळवताना पॅकेज मॅनेजरला कोडे सोडवावे लागते. अमुकला तमुकची किमान ही आवृत्ती हवी, तमुकचे ढमुकशी जमत नाही, अशा हजारो अटी एकाच वेळी पुऱ्या करायच्या. हा प्रश्न एनपी-कम्प्लीट वर्गातला आहे, म्हणजे सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी पद्धत कोणालाही ठाऊक नाही, हे युरोपातील एडॉस प्रकल्पाने दाखवून दिले. ओपनसूसे या लिनक्सने 2008 मध्ये तर्कशास्त्रातील सॅट सॉल्व्हर वापरून ही अडचण बरीच हलकी केली. त्यातून तयार झालेली लिबसॉल्व्ह लायब्ररी डीएनएफनेही घेतली.

आर्च लिनक्सने आवृत्त्यांची भानगडच ठेवलेली नाही. पॅकमन हा तिचा पॅकेज मॅनेजर, आणि भांडार सतत पुढे सरकणारे. जीडीएएल बदलले की त्यावर विसंबणारे सगळे पुन्हा बांधून एकदम सोडले जाते. यात अट एकच: अद्ययावत करायचे तर सगळे यंत्र, अर्धवट नाही. एकटे क्यूजीआयएस नवे घेतले आणि बाकीचे जुने ठेवले, तर ते सुरूच न होण्याची शक्यता दाट.

बीएसडी कुळाची रचना मुळातच निराळी. फ्रीबीएसडीत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा एकीकडे आणि बाहेरचे सॉफ्टवेअर दुसरीकडे अशी विभागणी परंपरेने चालत आली आहे. क्यूजीआयएस ‘युएसआर लोकल’च्या खाली जाते, गाभ्याला हात लावत नाही. 1994 पासूनचा पोर्ट्सचा संग्रह म्हणजे स्रोत आणून बांधण्याच्या कृतींचा साठा. तयार पॅकेजे हवी असतील तर 2014 च्या फ्रीबीएसडी 10 पासून पीकेजी हे साधन आहे. त्यात तिमाही शाखा आणि अगदी ताजी शाखा असे दोन मार्ग मिळतात; पहिला डेबियन आणि आर्च यांच्या मधला.

निक्सने प्रश्नच बदलून टाकला. एल्को डॉल्स्ट्रा यांच्या 2006 च्या उट्रेख्त विद्यापीठातील प्रबंधातून त्याची मांडणी पुढे आली. प्रत्येक पॅकेज स्वतंत्र फोल्डरमध्ये जाते आणि त्या फोल्डरच्या नावात ते कशाकशापासून बांधले याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा, असतो. त्यामुळे जीडीएएलच्या तीन आवृत्त्या एकाच यंत्रावर भांडण न करता राहतात, आणि नवी मांडणी बिघडली तर मागच्यावर परतता येते. किंमत मोजावी लागते डिस्कच्या जागेत आणि निक्सची स्वतंत्र भाषा शिकण्यात. ती भाषा पहिल्या भेटीत फारशी प्रेमळ वाटत नाही. ग्नू प्रकल्पाच्या गिक्सने हाच विचार स्कीम भाषेत उतरवला.

भांडारावर विश्वास का ठेवायचा, याची परीक्षा मार्च 2024 मध्ये झाली. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आढळला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच या साधनाने दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले, त्यातून हे उघड झाले. चोरदरवाजा अशा बेताने लिहिला होता की पॅकेज डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पद्धतीने बांधले जात असेल तरच तो आत शिरावा. डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्त्यांत तो पोचला. डेबियनच्या स्थिर शाखेत पोचला नाही, कारण तिथले एक्सझेड जुने होते. आर्चने तीच आवृत्ती वाटली होती, पण तिथला एसएसएच एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेला नसल्याने त्या वाटेने हल्ला चालला नसता. पॅकेजवरची डिजिटल सही यात कुठेच कामी आली नाही: सही फक्त एवढेच सांगते की भांडाराने जे बांधले तेच हाती आले.

अलीकडे भांडाराला वळसा घालणारे मार्गही रुळले आहेत. फ्लॅटपॅकमध्ये क्यूजीआयएस बहुतेक लायब्रऱ्यांसकट येते आणि कोणत्याही लिनक्सवर चालते. शास्त्रज्ञांत काँडा हे पॅकेजे बसवण्याचे साधन अधिक प्रिय आहे, कारण त्याला यंत्राच्या मालकाची परवानगी लागत नाही. विद्यापीठाच्या सामायिक सर्व्हरवरही ते स्वतःच्या फोल्डरमध्ये बसते. पुन्हा लोणारचेच उदाहरण: इंडिबॅक्टर अल्कलिफिलस हा जिवाणू लोणारच्या पाण्यातून वेगळा केला गेला. अशा जीवांच्या जनुकक्रमांवर काम करण्याची असंख्य साधने बायोकाँडा या भांडारात आहेत. प्रत्येक अभ्यासासाठी स्वतंत्र मांडणी करता येते आणि तिची यादी शोधनिबंधासोबत देता येते, म्हणजे दुसऱ्यालाही त्याच आवृत्त्यांवर तोच हिशेब करून पाहता येतो. मात्र अशा फोल्डरकडे एपीटी किंवा डीएनएफ पाहत नाही. त्यातल्या जुन्या लायब्ररीत भोक सापडले तर ते बुजवण्याचे काम वापरकर्त्यावरच येते.