गादी राजाची गेली, बढती वकिलाला मिळाली

३ जानेवारी २०२६ ला अमेरिकी सैनिकांनी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष निकोलस मादुरो यांना कराकसमधून उचललं आणि दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या कोर्टात उभं केलं. तेल, ट्रम्प, चीन यांवर तेव्हापासून रकानेच्या रकाने भरून झालेत. मला कुतूहल वेगळंच आहे. दुसऱ्या देशात शिरून तिथल्या अध्यक्षाला ‘अटक’ करता येते, असं लिहून देणारा वकील कोण असतो, त्याला त्या खुर्चीवर कोण बसवतं आणि पुढे त्याचं काय होतं?

वॉशिंग्टनच्या न्याय खात्यात राष्ट्राध्यक्षांना कायदेशीर मत देणारं एक स्वतंत्र कार्यालयच आहे. जून १९८९ मध्ये विल्यम बार त्याचे प्रमुख होते. परक्या सरकारची संमती नसली तरी एफबीआय तिथे जाऊन माणूस पकडू शकते, असं मत त्यांनी दिलं. डिसेंबरात फौजा पनामात उतरल्या आणि तिथले सत्ताधीश नोरिएगा शरण आले, तेही ३ जानेवारीलाच, १९९० साली. १९९१ मध्ये बार अ‍ॅटर्नी जनरल झाले. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना पुन्हा तिथेच बसवलं. इराक युद्धाच्या वेळी ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ ला पंतप्रधान ब्लेअर यांना दिलेलं मत तेरा पानी आणि जर-तरचं होतं. दहाच दिवसांनी संसदेपुढे आलेल्या छोट्याशा उत्तरात ते जर-तर गायब! गोल्डस्मिथ २००७ पर्यंत पदावर राहिले. हे युद्ध बेकायदा आहे म्हणून राजीनामा दिला तो परराष्ट्र खात्याच्या उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर बडोद्याला चला. मराठी माणसाने पाहिलेला सर्वांत ‘कायदेशीर’ सत्तापालट तिथे झाला. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात विष सापडलं. संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. जानेवारीत त्यांना अटक झाली. नुसती गादी काढून घेतली असती तर संस्थानिक बिथरले असते, म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने सहा जणांचं चौकशी मंडळ नेमलं. तीन इंग्रज, तीन हिंदी. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांनी खास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर आणला. सरकारकडून उभा राहिला मुंबईचा अ‍ॅडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल.

बॅलंटाइनने उलटतपासणीत साक्षीदारांची पिसं काढली. निकाल फुटला. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवलं, तिन्ही हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचं पटलं नाही. मग सरकारने काय करावं? विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. म्हणजे निर्णय आधीपासूनच खिशात होता, असं माझं तरी मत आहे. कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव म्हणून गादीवर आला. पुढे बडोद्याचं भलं झालं, पण ते श्रेय त्या खटल्याला देता येत नाही.

आता स्कोबलकडे बघा. चौकशीत मंडळाचं एकमत त्याला मिळवता आलं नाही, पण त्याचं काही बिघडलं नाही. १८८६ मध्ये तो थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून गेला. १८९१ चं संमतिवयाचं विधेयक मांडणारा स्कोबल तो हाच. त्यावरून टिळक-आगरकरांची जुंपली, हे आपल्याला पाठ असतं. मांडणारा कुठल्या वाटेने तिथवर आला, हे सहसा कोणी सांगत नाही.

कोल्हापूरला या गोष्टीत परकं वाटायचं कारण नाही. इथेही चौथे शिवाजी महाराज वेडे ठरले, कारभार इंग्रजांच्या मर्जीतल्या बर्वे दिवाणांच्या हाती गेला. त्यावर लिहिलं म्हणून १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

आणि आज? १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं सीपीआर रुग्णालयासमोरच्या या बेंचकडे येऊ लागली. त्यातला सर्वांत मोठा पक्षकार म्हणजे सरकार. साहजिकच जीपी (दिवाणी सरकारी वकील) कोण, पीपी (फौजदारी सरकारी वकील) कोण, पॅनेलवर कोणाच्या कोट्यातून कोण, ही चर्चा बाररूममध्ये रंगते. तिला कुजबुज म्हणून हिणवू नये.

घटनेच्या कलम १६५ प्रमाणे महाधिवक्ता राज्यपालांच्या मर्जीपर्यंत पदावर असतो. मर्जी म्हणजे अर्थात मंत्रिमंडळाची. इथवर ठीक. पण सरकारी वकिलांचं तसं नाही. मुलायमसिंहांच्या नव्या सरकारने फेब्रुवारी १९९० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने घरी बसवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी म्हणून रद्द केलं. नेमणुकीतही मनमानी चालणार नाही, हे २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितलं. महाराष्ट्राने मात्र १९८१ मध्येच फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती करून उच्च न्यायालयाशी सल्लामसलतीची अट काढली होती, आणि जिल्ह्याच्या यादीसाठी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याऐवजी राज्य सरकारची मान्यता घातली होती.

त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये उच्च न्यायालयाशी सल्लामसलत पुन्हा लिहिलेली आहे. मग कोल्हापूरच्या पॅनेलवर नाव चढताना हा सल्ला घेतला का, उमेदवाराची वकिली किती वर्षांची, शिफारस कोणाची, हे यादीसोबत छापायला काय हरकत आहे? सहा जिल्ह्यांच्या वकील संघटनांनी खंडपीठासाठी चार दशकं आंदोलनं केली. ही मागणी तर एका पत्राची आहे.