फेकलेला पैसा आणि हातात दिलेला पैसा

गेल्या महिन्यात एका प्रकरणाच्या तारखेसाठी आम्ही तिघे वकील नांदेडहून लातूरला गेलो होतो. कोर्टाचे काम आटोपले आणि परतण्यापूर्वी गंजगोलाईच्या बाजूला एका चहाच्या काउंटरवर थांबलो. गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि काउंटरवर उभे राहून चहा घ्यायचा, ही आजची पद्धत. चहा झाला. उरलेली आठ-दहा रुपयांची चिल्लर आम्ही काउंटरच्या ओल्या फरशीवर टाकली आणि चहा ओतणाऱ्या तरुणाला म्हणालो, "ठेव तुला." नाणी घरंगळली, एक खाली पडले. त्याने किटली बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडीवर जयभीम लिवलंय, अन् पैसे फेकून देता व्हय? हातात द्या की."

काळा कोट घातलेल्या तीन शिकलेल्या माणसांच्या माना खाली गेल्या. आम्ही ते नाणे उचलले, सगळी चिल्लर त्याच्या हातात दिली आणि माफी मागितली. पण अहमदपूर येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पैसा वरून टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. दुकानदार वरून माल टाकायचा आणि आपल्या आज्याने उंबऱ्यावर ठेवलेले पैसे पाणी शिंपडून उचलायचा. हॉटेलात आपली कपबशी वेगळी, ती आपणच विसळून ठेवायची. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. त्यामुळे काउंटरच्या या बाजूला आपण सन्मानाने उभे राहू शकलो. मग काउंटरच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा सन्मान कोणी पाहायचा?

टेबलावर वाढणाऱ्या वेटरला बडीशेपच्या बशीत चार पैसे मिळतात. काउंटरवर दिवसभर उभा असणारा, फडके मारणारा आणि आत भांडी घासणाऱ्या मावशी यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या मावशी कोणत्या वस्तीतून येतात, हे एकदा विचारून पाहावे. आता तर मोबाईलवर स्कॅन केले की पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात. पूर्वी बशीत राहणारी चिल्लरही राहिली नाही.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, "बक्षिशी ही सरंजामी सवय आहे. आम्ही घेत नाही आणि देतही नाही." ऐकायला हे तत्त्वाचे वाटते. पण या तत्त्वामुळे त्या कामगाराच्या पगारात एक रुपया तरी वाढतो काय? वाचतात ते फक्त आपले दहा रुपये. ज्याला बक्षिशी मान्य नाही, त्याने पगारासाठी भांडले पाहिजे. दोन्ही न करणे याला तत्त्व म्हणत नाहीत, कंजूषपणा म्हणतात.

बक्षिशी ही देणाऱ्याची मर्जी असते आणि वेतन हा घेणाऱ्याचा हक्क असतो. हा फरक बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी दाखवून दिला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. रात्रंदिवस राबायचे आणि बलुते मात्र रयतेच्या मर्जीवर, ही रीत मोडून निश्चित मोबदला मिळावा हा त्यामागचा हेतू होता. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पण गावकीचे जू इथेही तेच होते. पुढे मजूर मंत्री असताना, ११ एप्रिल १९४६ रोजी, त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतन विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. आज त्याची जागा वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वी किमान वेतनाचा हक्क अनुसूचीतल्या रोजगारांपुरता होता, आता तो सर्व रोजगारांना आहे. चहाचा काउंटरही त्यात आला.

मर्जीवर जगण्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने आपल्या झोपण्याच्या रेल्वे डब्यांत कृष्णवर्णीय पोर्टर नेमले. पगार तुटपुंजा, बाकी सारे प्रवाशांच्या बक्षिशीवर. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. पोर्टरला स्वतःचे नाव आहे, हे कोणाला आठवत नसे. आपल्याकडे "ए बारक्या" म्हणतात, यापेक्षा वेगळे काय आहे? त्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. बक्षिशीने जे दिले नाही ते संघटनेने मिळवून दिले.

आपल्याकडचा मालक म्हणतो, "गिऱ्हाईक देतंय की वरून, पगार कशाला वाढवू?" त्याला सांगावे, की १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की टिप हा मालकाच्या खिशातला पैसा नव्हे. तो गिऱ्हाईकाने कामगारासाठी दिलेला असतो, मालक फक्त पोहोचवतो. आणि १९८२ साली एशियाड मजुरांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही कलम २३ खाली वेठबिगारीच आहे. आमचे वाडवडील वेठ करीत होते, म्हणून हा शब्द आम्हाला जास्त लागतो.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये सगळे एका पंगतीत बसतात आणि वाढणारा सेवेकरी कोणाकडून बक्षिशी घेत नाही, कारण तो स्वेच्छेने सेवा करतो. हॉटेलातला कामगार सेवा नव्हे, नोकरी करतो. नोकरीला सेवेचे नाव देऊन पगार बुडवता येत नाही. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. यात वेतन वेगळे सांगितले आहे आणि चांगलेचुंगले वेगळे. बक्षिशी म्हणजे ते चांगलेचुंगले. तिने वेतनाची जागा घ्यायची नाही.

मग आपण काय करावे? शक्य असेल तर चार पैसे द्यावेत, पण हातात द्यावेत, डोळ्यांत पाहून द्यावेत. स्कॅन करून बिल भरले तरी थोडे रोख खिशात असू द्यावे. वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे करू नये, नाव विचारून नावाने बोलवावे. देता आले नाही तर उपकाराचा आव आणू नये, "धन्यवाद भाऊ" म्हणायला पैसे लागत नाहीत. काउंटरवर चौदा वर्षांखालचे पोर दिसले तर त्याच्या हातावर नाणे ठेवून पुढे जाऊ नये. त्याला कामावर ठेवणे गुन्हा आहे, तक्रार करावी. आणि सरकारी कचेरीत जे 'चहापाणी' मागतात त्याला बक्षिशी म्हणू नये, ती लाच आहे.

यापुढचे काम आमच्यासारख्या वकिलांचे आहे. किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर कामगाराला किंवा त्याच्या संघटनेला तीन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. हॉटेल कामगारांपर्यंत ही माहिती पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचवण्यात आम्ही कमी पडलो आहोत. दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसून असे अर्ज लिहून द्यायचे, असे आम्ही तिघांनी त्या रात्री नांदेडला उतरताना ठरवले. फी घ्यायची नाही.

पुढच्या तारखेला लातूरला जाऊ तेव्हा त्याच काउंटरवर चहा घेणार आहोत. त्या तरुणाचे नाव विचारायचे त्या दिवशी राहून गेले. ते आधी विचारू, मग पगार किती मिळतो ते विचारू.

जयभीम.