खाडा : नियमित व्यायाम आणि रक्तदाब

लखनौच्या चौकात 'तालीम' हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्यास शिक्षण आठवते. मराठी माणसास त्याच अरबी शब्दाने लाल मातीचा हौदा आणि मारुतीची तसबीर आठवते. मराठीत नाटकाचीही तालीम होते. या साऱ्या अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : जे पुनःपुन्हा करावे लागते आणि थांबले की हातचे जाते. त्या थांबण्यालाही मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'खाडा'. दूधवाल्याचा खाडा, मोलकरणीचा खाडा, तसाच तालमीचा खाडा. इकडील गवई ज्याला 'नागा' म्हणतात तो हाच. या खाड्याचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विचार आहे. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांस विषय परका वाटण्याचे कारण नाही. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणारा आपला वर्ग. पन्नाशीच्या आसपास त्यातील अनेकांच्या खिशात रक्तदाबाची गोळी येते.

रक्तदाब ही संज्ञा आपल्या जुन्या वैद्यकात नाही. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिव्हा-रोच्चीचे साधन १८९६ चे, आणि नळीने ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे टिपण्याची कोरोत्कोव्हची रीत १९०५ ची. त्यानंतर अवघ्या दोन दशकांत हे साधन लोणावळ्यास योगाभ्यासाच्या परीक्षेसाठी वापरले गेले, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी स्मरणात नाही. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले आणि संस्कृताचे व्यासंगी असलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना केली, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले आणि त्यातून सर्वांगासन व मत्स्यासन यांवरील रक्तदाबाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या प्रयोगांचा रोख मात्र आसन चालू असतानाच्या दाबावर होता. अभ्यास महिनोन्‌महिने चालला तर काय, आणि मोडला तर काय, हा प्रश्न पुढील पिढ्यांनी विचारला.

व्यायाम चालू असताना दाब उतरत नाही, चढतो, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. चालणे, पोहणे, सायकल यांत वरचा आकडा वाढतो, खालचा बहुधा जागीच राहतो. श्वास कोंडून वजन उचलताना दोन्ही चढतात, आणि किती चढतात हे ऐकून माणूस थक्क होतो : १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन पाहणीत, दोन्ही पायांनी जड वजन रेटणाऱ्या तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतील दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलेला आढळला. तो क्षणिक असतो आणि निरोगी तरुणास पेलतो. आवरात न आलेल्या रक्तदाबाच्या माणसाने मात्र श्वास कोंडून जोर मारण्याच्या किंवा डोके खाली करण्याच्या फंदात पडू नये.

लाभ सुरू होतो तो व्यायाम थांबल्यावर. पाऊण तास भरभर चालून आलेल्या माणसाचा दाब नंतरचे काही तास, क्वचित जवळजवळ दिवसभर, नेहमीपेक्षा थोडा खाली राहतो. हा एका दिवसाचा लाभ. रोजच्या सरावाने त्यावर दुसरा, सावकाश येणारा लाभ चढतो, आणि तो साधारणतः एक ते तीन महिन्यांत दिसू लागतो. दाब म्हणजे हृदयाने लोटलेले रक्त आणि सूक्ष्म धमन्यांनी केलेला अडथळा यांचा गुणाकार. सरावाने घटतो तो मुख्यतः अडथळा. नित्य ताणावर असलेली मज्जासंस्थेची एक शाखा सैलावते, रक्तातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उतरते, धमन्यांचे अस्तर त्यांना रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड अधिक सोडू लागते. उच्च रक्तदाब असलेल्यांत वरचा आकडा यामुळे सरासरी पाच ते आठ मिलिमीटरने उतरतो, ज्यांचा दाब मुळात बरा आहे त्यांच्यात दोन ते चार. आकडा लहान दिसतो. पण अनेकदा एका गोळीचे काम एवढेच असते.

आता खाडा. पहिला लाभ एक-दोन दिवसांत संपतो, कारण तो कालच्या चालण्याचा उरलेला अंश असतो. दुसराही फार टिकत नाही. रक्तातील द्रवभाग, जो सरावाने वाढलेला असतो, तो दोन-चार आठवड्यांतच घटतो. मज्जासंस्था आपल्या जुन्या ताणावर येते. आणि काही आठवड्यांत दाब जवळजवळ व्यायामापूर्वीच्या पातळीवर पोहोचतो. दहा वर्षे चाललेल्या माणसालाही येथे ज्येष्ठतेची सवलत नाही. हा हिशेब मला काहीसा निष्ठुर वाटतो. एक दिलासा मात्र आहे : व्यायाम सोडल्याने दाब मूळ पातळीच्याही वर उसळतो असे सहसा घडत नाही. काही औषधे एकाएकी बंद केली तर तसे घडू शकते, आणि म्हणून गोळीचा खाडा हा निराळा व अधिक धोक्याचा विषय आहे.

लखनौत हा प्रश्न दर वर्षी ठरलेल्या मुहूर्तावर उभा राहतो. सिकंदरबागेच्या वनस्पतिउद्यानात कार्तिकात पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते. डिसेंबर सरता सरता धुके उतरते, समोरचे झाड दिसेनासे होते आणि गर्दी पांगते. गंमत अशी की वाग्भटाने शीतकाळ आणि वसंत हेच व्यायामाचे ऋतू सांगितले आहेत, तेही निम्म्या शक्तीने. आणि नेमक्या त्याच ऋतूत येथील माणूस रजईत शिरतो. थंडीने कातडीखालच्या धमन्या आकसतात, त्यामुळे व्यायाम चालू असला तरी हिवाळ्यात दाब उन्हाळ्याहून काही मिलिमीटर वरच असतो. त्यात खाड्याची भर. ऑक्टोबरातल्या उत्तम आकड्यावर विसंबून ज्याने स्वतःच्या मनाने गोळी निम्मी केली, त्याच्या वाट्याला जानेवारीत तिन्ही गोष्टी एकदम येतात, आणि दुखत-खुपत काहीच नसल्याने त्याला ते कळतही नाही.

धुक्यात धूर असतो, तेव्हा बाहेर न पडणे शहाणपणाचेच. पण उद्यान बंद म्हणजे व्यायाम बंद हे समीकरण औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी मान्य केले नसते. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले; त्या सक्तीविषयी मतभेद असू शकतील, परंतु सतरंजीएवढ्या जागेत, छपराखाली, कोणत्याही ऋतूत चालणारा हा व्यायाम आहे, हा त्यांचा मुद्दा लखनौच्या जानेवारीत पटतो. श्वास न कोंडता, बेताच्या गतीने केला म्हणजे तो चालण्याच्याच जातीचा होतो. रोज जमत नसेल तर? दमश्वासाविषयीचे प्रयोग असे सांगतात की आठवड्याचे सहा दिवस कमी करून दोनवर आणले, पण जोर तोच ठेवला, तर कमावलेली क्षमता तीन-साडेतीन महिने टिकते. रक्तदाबास हाच नियम तंतोतंत लावता येणार नाही, कारण त्यातील एक-दिवसाचा अंश रोजच कमवावा लागतो. तरी पूर्ण खाड्यापेक्षा अर्धा खाडा बरा, एवढे त्यावरून म्हणता येते.

वैद्यापुढे बसताना आपण फक्त आकडा सांगतो. तो कोणत्या महिन्यातला, सकाळी चालण्याआधीचा की चालून आल्यावरचा, आणि त्यापूर्वीच्या पंधरवड्यात खाडे किती, हेही वहीत शेजारी टिपून न्यावे.