वजनकाट्यावरचे दोन किलो

गेल्या थंडीतली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ होती. दवाखान्यातले शेवटचे पेशंट गेले होते आणि मी घरी निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आत आले. बाकावर बसताना मुलीने भिंतीचा आधार घेतला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, नाडी मिनिटाला ११२. जुलाब-उलट्या झाल्या असाव्यात असेच मला वाटले.

"तसं काही नाही, मॅडम," वडील म्हणाले. "परवा रविवारी हिची वेटलिफ्टिंगची निवड चाचणी आहे. त्रेपन्न किलोच्या गटात नाव दिलंय. दोन किलो जास्त भरतंय. लघवीची एखादी गोळी द्या, म्हणजे काम होऊन जाईल."

चौकशी केली तेव्हा सगळे कळले. आठवड्यापूर्वी मुलीचे वजन ५७ किलो होते. बुधवारपासून तिने जेवण सोडले होते. स्वेटरवर रेनकोट चढवून ती सकाळ-संध्याकाळ मैदानाला फेऱ्या मारत होती. पाणी फक्त चूळ भरण्यापुरते. एवढे करून काटा ५५ किलो २०० ग्रॅमवर येऊन अडला होता.

मी गोळी दिली नाही. त्यामागचे कारण आज वाचकांना सांगते, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

ती चिठ्ठी माझ्या हातची होती

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. आपला जिल्हा कुस्तीवेडा. २०२५ साली 'महाराष्ट्र केसरी' अहिल्यानगरला भरली तेव्हा आपण ते पाहिलेच. तेव्हाही गावोगावच्या तालमीतली पोरे तपासणीसाठी येत. असाच एक शाळकरी पैलवान आला. वजन सव्वा किलो जास्त, स्पर्धा दुसऱ्या दिवशी. घरच्यांनी फार गळ घातली. एका गोळीने काय होणार, असे म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली.

सकाळी पोरगा वजनात बसला. दुसऱ्या कुस्तीत त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, हाताची बोटे वाकडी झाली आणि तो मॅटवरच आडवा झाला. रक्तातले पोटॅशियम खूप उतरले होते, हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. दोन दिवस सलाईनवर राहून तो वाचला. आज तो शेती करतो. बाजारात भेटला की हसून नमस्कार करतो. मला मात्र त्याच्यासारखे हसता येत नाही.

जाते ते पाणी, चरबी नव्हे

वाचकहो, दोन दिवसांत दोन किलो उतरले म्हणजे नेमके काय उतरले? एक किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. सतरा वर्षांच्या मुलीचा दिवसाचा सारा खर्चच दोन-सव्वादोन हजारांच्या घरात असतो. म्हणजे दोन दिवस कडक उपास केला तरी चरबी अर्ध्या किलोच्या आसपासच जाणार. बाकी सारे पाणी. स्नायूंमध्ये साठवलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपास केला की ही साखर संपते आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. काटा खाली येतो, पण बार उचलायचे इंधनही त्याच वाटेने गेलेले असते.

पाणी फार कमी झाले की रक्त दाट होते, हृदयाला जास्त धडधडावे लागते, घाम थांबून अंगाची उष्णता वाढते. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजात शिकणारे तीन पैलवान सुमारे महिन्याभरात एकापाठोपाठ एक दगावले. तिघेही घाम काढून घाईने वजन उतरवत होते. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी आली. आपल्याकडचा रेनकोट हा त्या रबरी सुटाचाच भाऊ समजावा.

लघवीच्या गोळीची आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. अशा सर्व गोळ्या उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत आणि ही बंदी स्पर्धेपुरती नसून बारा महिन्यांची आहे. चाचणीत सापडल्यास मुलीची चार चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

काटा आणि बार यांत वेळच नसतो

वेटलिफ्टिंगमध्ये वजन घेण्याचे काम स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते आणि तासभर चालते. जास्त भरले तर त्या तासात पुन्हा येता येते, पण तास संपला की दार बंद. पुढे स्नॅचच्या तीन आणि क्लीन अँड जर्कच्या तीन, अशा सहा उचली. तीन दिवसांत हरवलेले पाणी आणि मीठ दीड-दोन तासांत भरून निघत नाही. पोट तेवढे डबडबते, स्नायू कोरडेच राहतात.

विनेश फोगटची हकिगत घराघरात माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० किलो गटात पहिल्या दिवशी वजन बसले, तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १०० ग्रॅमने जास्त निघाला. रात्रभर व्यायाम केला, केससुद्धा कापले, तरी उपयोग झाला नाही. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा कप चहा. तिच्या जिद्दीपुढे हात जोडावेत, पण आपल्या शरीराच्या नैसर्गिक वजनापेक्षा फार खालचा गट निवडला की काय होते, हेही त्यातून शिकावे.

गट कोणता निवडावा?

वरचा गट घेतला म्हणजे पदक गेले, असा समज आहे. कर्नम मल्लेश्वरी १९९४ आणि १९९५ मध्ये ५४ किलो गटात जगज्जेती होती. पण २००० साली सिडनीत तिने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले ते ६९ किलो गटात, एकूण २४० किलो उचलून. शरीर वाढले, ताकद वाढली, तशी ती गटाने वर गेली.

याउलट मीराबाई चानू. २०१७ साली ४८ किलो गटात विश्वविजेती, टोकियोला ४९ किलोत रौप्य आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा ४८ किलोत १९९ किलो उचलून रौप्य. आठ वर्षे वजन असे काबूत ठेवायचे तर खाण्यापिण्याचा वर्षभराचा हिशेब लागतो. आदल्या रात्रीच्या धावपळीने ते साधत नाही.

गट तरी कुठे कायम राहतात? सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य आणले. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण एका किलोने हुकले. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने गट बदलले तेव्हा पुरुषांचा सर्वात खालचा खुला गट ६० किलोचा झाला. गट कागदावर बदलतात, शरीर आपले असते. म्हणून शरीराकडे पाहून गट ठरवावा.

माझा साधा नियम असा. अठरा वर्षांखालील, अजून वाढत असलेल्या मुलामुलींनी गटासाठी वजन उतरवूच नये. वाढत्या वजनाबरोबर वरच्या गटात जावे. मोठ्या खेळाडूचे नेहमीचे सकाळचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा किलोभर जास्त असेल, तर खालचा गट धरायला हरकत नाही. मात्र त्यासाठी आठवडे हाताशी हवेत.

घरच्या ताटातला हिशेब

आठवड्याला अर्धा किलो कमी करणे सुरक्षित. त्यासाठी रोजच्या खाण्यातून सुमारे ५०० कॅलरी कमी कराव्या लागतात. चार कप चहातली साखर आणि दोन मुठी फरसाण बंद केले तरी बहुतेक काम होते. भाकरी सोडावी लागत नाही.

प्रथिने मात्र कमी करू नयेत. ताकदीचा सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. पंचावन्न किलोच्या मुलीला शंभर ग्रॅम धरा. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दिवसभरात मिळून शंभर ग्रॅम मटकी, हुलगे किंवा डाळ, तीन ज्वारी-बाजरीच्या भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या एवढ्यात हा आकडा गाठता येतो. अंडी न खाणाऱ्यांनी दूध-दही वाढवावे. महागड्या डब्याची गरज नाही. त्या पैशात घरात दूध येईल.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर करावे आणि वहीत लिहावे. एका दिवसाचा आकडा पाहून घाबरू नये, आठवड्याची सरासरी पाहावी. घरचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत फरक असतो, म्हणून दोन-तीनशे ग्रॅमची मोकळीक ठेवावी. शेवटचे दोन दिवस कोशिंबीर, पालेभाज्या, कडधान्ये कमी करून दहीभात, अंडी असे हलके अन्न घेतले तर आतड्यातला चोथा कमी होऊन काही ग्रॅम आपोआप उतरतात. पाणी मात्र तोडू नये. वजन झाल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने, केळे आणि थोडा भात. तेलकट काही नको.

मुलींच्या आयांसाठी

त्या मुलीला मी आणखी एक प्रश्न विचारला. तिने आधी वडिलांकडे पाहिले. ते समजून बाहेर जाऊन बसले. तिची पाळी चार महिने आली नव्हती. "बरंच झालं, सरावात अडचण नाही," असे तिला वाटत होते.

हे बरे नव्हे. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर खाणे खर्चाला पुरत नाही, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. हाडे ठिसूळ होऊ लागतात, रक्त कमी होते, ताकद वाढायची थांबते. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावेच. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन किलोभर वाढू शकते, ती चरबी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. पॅरिसला पदक एका किलोने हुकल्यावर मीराबाईने पाळीचा तिसरा दिवस असल्याचे मोकळेपणाने सांगितले. जगज्जेती बोलते, तर आपल्या घरात का बोलू नये?

पुढे काय झाले

त्या रात्री मी मुलीला मीठ-साखरेचे पाणी पाजले, भात खायला लावला आणि वडिलांना सांगितले, "गट बदलून मागा. अठ्ठावन्नमध्ये उतरवा." ते नाराज झाले. पण त्यांनी विनंती केली आणि ती मान्य झाली.

रविवारी मुलगी चौथी आली. पहिल्या तिघींचीच निवड होती. सोमवारी ती दवाखान्यात आली आणि माझ्यासमोर बसून रडली. "मॅडम, त्रेपन्नमध्ये मी नक्की बसले असते," म्हणाली. कदाचित बसलीही असती. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. तिच्या एका संधीची किंमत माझ्या सल्ल्याने तिने मोजली, हे मला मान्य आहे.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी वही घेऊन येते. पोटभर जेवते. तिसऱ्या महिन्यात पाळी सुरू झाली. वजन ५७ किलोवर स्थिर आहे आणि क्लीन अँड जर्कमध्ये ती आता पूर्वीपेक्षा सहा किलो जास्त उचलते. पुढच्या निवडीत काय होईल ते बार ठरवील.

परवा वडील एकटेच आले होते, स्वतःचा रक्तदाब तपासायला. जाताना म्हणाले, "मॅडम, तिची आई म्हणते, पोरगी हसायला लागली." मी त्यांच्या चिठ्ठीवर मीठ कमी करण्याची सूचना लिहिली, आणि तुमचे फरसाणही बंद, असे बजावून सांगितले.