गोळी नाही, पण इलाज आहे

कोकेनचं व्यसन सोडवणारी गोळी अजून जगात कुठेच नाही. हेरॉइनवर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहे, दारूवर नाल्ट्रेक्सोन आहे. कोकेनसाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डायसल्फिरॅम, टोपिरामेट, मोडॅफिनिल अशी बरीच तपासून झाली. कोकेनला रक्तातच अडवणारी लसही करून पाहिली. कुठल्याच औषधाचा भरवशाचा फायदा दिसला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे खास औषध आहे’ असं एखाद्या केंद्राने सांगितलं, तर तिथून काढता पाय घेतलेला बरा.

क्रॅक म्हणजे कोकेनच, फक्त धूर करून ओढता येण्याजोगं केलेलं. पूड नाकात ओढली तर नशा चढायला काही मिनिटं लागतात. क्रॅकचा धूर फुफ्फुसांतून काही सेकंदांतच मेंदूत पोचतो आणि पाच-दहा मिनिटांत नशा उतरतेही. खरा घात या वेगात आहे. काही सुखाचं घडलं की मेंदूत डोपामिन सुटतं आणि काम झालं की पेशी ते परत शोषून घेतात. कोकेन ही परतीची वाटच बुजवतं. डोपामिन तुंबतं, आणि रोज तुंबत राहिलं की मेंदू त्याला ओळखणारे आपले ग्राही (रिसेप्टर) कमी करतो. मेंदू-संशोधक नोरा व्होल्कॉव यांनी पेट स्कॅनवर दाखवलं की कोकेन बंद करून काही महिने लोटले तरी या ग्राहींची संख्या कमीच राहते. मग जेवण, गाणं, पोरांचा दंगा, कशातच राम वाटत नाही.

घरच्यांची गल्लत होते ती इथेच. कोकेन सुटल्यावर दारूसारखी थरथर नाही, हेरॉइनसारखे अंगाचे पिळे नाहीत. माणूस दोन-तीन दिवस नुसता झोपतो, मग उठून भरपूर जेवतो. ‘आता सुधारला’ म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. वास्तविक या दिवसांत मन पार खचलेलं असतं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचारही येतात. आणि तलफ पुढेही दबा धरून बसते. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या अ‍ॅना रोझ चिल्ड्रेस यांनी कोकेनच्या रुग्णांना त्या नशेशी निगडित चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली. इतक्या वेळात आपण काही पाहिलं हेही माणसाला कळत नाही. तरी मेंदूतली हाव जागवणारी केंद्रं उजळली. ‘मनाचा निश्चय कर’ म्हणणाऱ्या मामा-काकांनी हा प्रयोग जरूर वाचावा. निश्चय करायला मनाला आधी कळावं तर लागतं!

आता प्रश्न छत्तीसगडातल्या भिलाई-३ चा. पोलादाचा कारखाना, चरोद्याचं रेल्वे यार्ड, मुंबई-हावडा लोहमार्ग आणि रायपूरकडे जाणारा हमरस्ता यांच्या कडेने वाढलेली ही वस्ती. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, पुढे कारखान्यानेही विदर्भातली माणसं ओढली, त्यामुळे मराठी घरं या भागाला नवी नाहीत. इथे क्रॅक कितीसं असणार? २०१९ साली आलेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत कोकेन घेणारे ०.१० टक्के निघाले, अफूच्या कुळातली नशा करणारे २ टक्क्यांहून जास्त. इकडच्या छाप्यांच्या बातम्यांत येतो तो गांजा, नायट्राच्या गोळ्या, स्पास्मोच्या कॅप्सूल आणि अलीकडे चिट्टा. पोरांच्या रुमालात पंक्चरचं सोल्यूशन.

म्हणून इलाज शोधताना पहिला प्रश्न ‘कुठलं केंद्र’ हा नसतोच, ‘काय घेतो’ हा असतो. नायट्रा म्हणजे नायट्राझेपाम, झोपेची गोळी. ती रोज मूठभर खाणाऱ्याला एका रात्रीत बंद केली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू उतरवावी लागते. चिट्टा म्हणजे हेरॉइन, तिथे ब्युप्रेनॉर्फिन मिळणं हा रुग्णाचा हक्कच मानला पाहिजे. स्पास्मोमध्येही अफूच्या जातीचंच औषध. तिघांना एकाच खोलीत कोंडून पहाटे योग आणि रात्री प्रवचन देणाऱ्या केंद्राला मी तरी उपचार म्हणणार नाही.

क्रॅकवाल्याचं काय, याचं सर्वांत ठाम उत्तर अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातून आलं. स्टीफन हिगिन्स यांनी तिथे १९९० च्या दशकात एक हिशेब मांडला. रुग्णाने आठवड्यातून तीनदा येऊन लघवीचा नमुना द्यायचा. कोकेन घेतल्याच्या खुणा लघवीत दोन-चार दिवस राहतात, त्यामुळे लपवाछपवीला वाव नाही. पहिला नमुना स्वच्छ निघाला की अडीच डॉलरचं व्हाउचर. पुढचा स्वच्छ, तर पावणेचार. मग पाच. असं चढत जायचं. एक नमुना खराब निघाला, किंवा रुग्ण आलाच नाही, की पुन्हा अडीचवर. रोख हातात द्यायची नाही. पैशातून काय घ्यायचं ते रुग्ण आणि समुपदेशक दोघांनी ठरवायचं, आणि खरेदी दवाखान्यातल्या माणसाने करायची. कुणी त्यातून मासेमारीचा परवाना काढला. तुलनेसाठी दुसरा गट व्हाउचरविना. जोडीला समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. १९९४ च्या अभ्यासात २४ आठवडे टिकले ते व्हाउचरच्या गटात ७५ टक्के, दुसऱ्यात ४०.

‘नशा न करण्याचे पैसे द्यायचे?’ हा आक्षेप तिथेही आला. पण डोपामिनचं गणित पाहिलं तर यात विपरीत काही नाही. दूरच्या सुखासाठी थांबणं ज्या मेंदूला जमेनासं झालंय, त्याला आजच्या आज मिळणारं, लहानसं, खात्रीचं सुख द्यायचं. संशोधक नॅन्सी पेट्री यांनी खर्च आणखी खाली आणला. नमुना स्वच्छ असेल तर भांड्यातून बक्षिसाची चिठ्ठी उचलायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी. लोक त्यासाठीही यायचे.

आपल्याकडे हा चढत्या बक्षिसाचा मार्ग फारसा रुळलेला नाही. मराठी मुलखातला अनुभव वेगळ्या दिशेने वाढला. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली, अनिल अवचटांनी तिच्यावर ‘गर्द’ लिहिलं, आणि १९८६ साली त्यांनी व मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंचा त्याला आर्थिक टेकू होता. तिथले कित्येक कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले, आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट. निवासी उपचार पाच आठवड्यांचा, पण खरा जोर नंतरच्या पाठपुराव्यावर. दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते, तेव्हा भिलाईकरांना हे अशक्य नाही. पण पाठपुरावा हाच गाभा असेल तर घराजवळचा डॉक्टर आधी पाहावा.

तो आहे. रायपूरला टाटीबंधच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहे, आणि भिलाई-३ हून कुम्हारीवरून सरळ रस्ता. दुर्गला जिल्हा रुग्णालय, कारखान्याच्या माणसांना सेक्टर ९ चं रुग्णालय. व्यसनासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही विनाशुल्क. खासगी केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनही येतं. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे, आणि फोन करण्याचा, भेटायला आलेल्यांना भेटण्याचा हक्क दिलेला आहे. ‘महिनाभर घरच्यांनी फिरकायचं नाही’ म्हणणाऱ्यांना तो वाचून दाखवावा. पोलिसांच्या धास्तीने कुणी दवाखाना टाळत असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वकिलाला विचारावं. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असला, तरी सरकारमान्य ठिकाणी स्वखुशीने उपचार घेणाऱ्याला ते खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र अर्ध्यावर सोडायचा नाही.

मला भिलाईकडून आणखी एक अपेक्षा आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २०११ पासून बक्षिसाची पद्धत आपलीशी केली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी योजनेत रुग्णामागे वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर धरले आहेत. कारखान्याकडे आणि रेल्वेकडे स्वतःची रुग्णालयं आहेत, कामगार रोज पाळीवर येतात, नमुना घ्यायला वेगळं बोलवायला नको. चाचणीची पट्टी, किराण्याचं कुपन आणि चोख हिशेब ठेवणारा एक माणूस, एवढ्यावर वीस-पंचवीस जणांचा प्रयोग उभा राहू शकतो.