एम.टेक.ची वाट आणि आजोबांचा दाखला

लाखांदूर तालुक्यातील आपली मुले डिप्लोमा करून, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मेकॅनिकलचे इंजिनिअर होत आहेत. पदवी हाती आली की घरात एकच विचार असतो: वरठीच्या सनफ्लॅगमध्ये नाहीतर गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये पोरगा लागला म्हणजे झाले. त्यात गैर काहीच नाही, घर चालवायचे असते. पण एम.टेक. म्हणजे बापाच्या डोक्यावर आणखी दोन वर्षांचा बोजा, ही समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. गेट परीक्षेत पात्र ठरून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यासाठी मुंबई-दिल्लीच गाठावी लागते असेही नाही. नागपूरची व्ही.एन.आय.टी. ही १९६० साली सुरू झालेली संस्था २००२ पासून राष्ट्रीय संस्था आहे.

गेटला पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येते. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा. त्यात गणित १३ गुणांचे, सामान्य क्षमता १५ गुणांची, बाकी सगळे मेकॅनिकल. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला फी निम्मी, पात्रतेचे गुण खुल्या वर्गाच्या दोन-तृतीयांश आणि केंद्राच्या संस्थांत १५ टक्के जागा राखीव. पण आमचा अनुभव असा की, आपली मुले पेपरात अडतात त्यापेक्षा कागदात जास्त अडतात.

केंद्राच्या संस्थेत केंद्राच्याच नमुन्यातील जातीचा दाखला चालतो. 'नवबौद्ध' हे केंद्राच्या यादीत जातीचे नाव नाही. तिथे मूळ जात लिहिलेली लागते. यामागे इतिहास आहे. १९५० च्या आदेशाने फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीत धरले. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. राज्याने सवलती आधीच दिल्या होत्या, म्हणून राज्याच्या कागदावर एक शब्द आणि केंद्राच्या कागदावर दुसरा. धर्म बौद्ध आणि मूळ जात महार, असे दोन्ही एकाच दाखल्यावर येऊ शकते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि खरी धावपळ तिथेच होते. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले असते. म्हणून आजोबांकडे जावे लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढावा. शाळेचे तोंडच पाहिले नसेल (बहुतेकांचे असेच), तर तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढावी. तिच्यात जन्माची नोंद जातीसह सापडते. नावातल्या एका वेलांटीच्या फरकानेही काम अडते, तेव्हा नक्कल हातात घेताच तिथेच वाचून पाहावी.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेरीपासून सुटतात. त्याच्या आधीचे दिवस धानाच्या रोवणीचे. तेव्हा आईबापाने मजुरी बुडवून तहसिलीच्या चकरा माराव्यात असे कोण म्हणेल? ही कामे उन्हाळ्यातच उरकावीत. गेटचा निकाल तीन वर्षे चालतो. पहिल्या वर्षी प्रवेश हुकला तरी नोकरी करता करता पुढच्या वर्षी त्याच गुणांवर अर्ज करता येतो, आणि तेव्हा हा दाखला आधीच घरात असतो.