कल वजनाचा आणि कल वेगाचा

धक्क्याला बांधलेली मोटरबोट पाण्यात अगदी सरळ उभी आहे. तेलाची टाकी मधोमध, बॅटरी मधोमध, आडवी ठेवलेली पाणसळही बुडबुडा मध्यावर दाखवते. मग ती निघते, वेग घेते, नाळ उचलली जाते, अंग पाण्यावर चढतं आणि डावी बाजू खाली जाऊ लागते. वेग वाढवला की कल वाढतो, हळू झालं की बोट पुन्हा सरळ. कोयना धरणाच्या शिवसागरात वासोट्याच्या पायथ्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या संथ लाँचला हे दुखणं सहसा जडत नाही, कारण ती पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. तापोळ्याच्या किंवा मुनावळ्याच्या पाण्यावर धावणाऱ्या हलक्या स्पीडबोटींना ते जडू शकतं. त्यावरचा सर्रास उपाय म्हणजे चालकाने मागे वळून सांगायचं, ‘दोघं जण उजवीकडे सरका.’ बोट सरळ होते आणि विषय मिटतो. माझं म्हणणं असं की विषय तिथे मिटत नाही, उलट जास्त धोक्याचा होतो. जो कल वेगाने येतो त्याचं औषधही वेगाबरोबर वाढणारं आणि वेगाबरोबर नाहीसं होणारंच असलं पाहिजे. वजन तसं नसतं.

हे नीट समजण्यासाठी वेगात बोटीला कोण उचलून धरतं ते पाहावं लागतं. उभी बोट तरंगते ती तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या जोरावर. धावती स्पीडबोट मात्र मोठ्या प्रमाणात तळावर आदळणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालते आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 15 किलोमीटरला वाहत्या पाण्याचा पूर्ण दाब चौरस मीटरला साधारण 900 किलो भरतो; 30 किलोमीटरला तो चौपट, म्हणजे साडेतीन टन. इतका दाब तळाला काही सगळीकडे सोसावा लागत नाही; पाणी कुठे किती अडतं यावर तो ठरतो. पण त्याचा विसावा हिस्सा जरी डाव्या-उजव्या बाजूंत असमान वाटला गेला, आणि तोही मागच्या भागातल्या जेमतेम एक तृतीयांश चौरस मीटरवर, तरी एका बाजूला 50 किलोहून जास्त उचल मिळते. मध्यरेषेपासून 60 सेंटीमीटरवर ही उचल लागली तर कलवणारा जोर 30 किलोग्रॅम-मीटरच्या पुढे जातो. उभ्या बोटीत हाच दोष शून्य किलोचा असतो, म्हणून पाणसळीला तो दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. इंजिनाचं काम करणारे म्हणतील, हा पंख्याच्या पिळाचा परिणाम आहे, त्याला इलाज नाही. पीळ खरा आहे. मागून पाहिलं तर नेहमीचा पंखा पुढे जाताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बोटीचं अंग डावीकडे झुकू पाहतं. पण किती? 40 अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर चाललंय आणि खालच्या गिअरमधून पंख्यापर्यंत त्या निम्म्या होतात असं धरलं, तर पंख्याच्या दांड्यावरचा पीळ साडेदहा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास निघतो. म्हणजे 70 किलोचा माणूस मधल्या रेषेपासून 15 सेंटीमीटर सरकला तर जो फरक पडेल तेवढाच. अरुंद, हलक्या बोटीत तो जाणवतो. रुंद बोटीत एवढ्याने डावा काठ पाण्याला टेकू लागत नाही. शिवाय नेहमीच्या पंख्याची बोट उजवीकडे कलत असेल तर पिळाला दोष देताच येत नाही. शंका राहिली तर पाण्यावरच तपासता येतं. मोकळ्या पाण्यात, बोटीत चालकाशिवाय कुणी नसताना वेगात असतानाच इंजिनाचा जोर कमी करावा. पिळाचा कल तत्क्षणी सुटतो, कारण पीळ सुटला. बोट मात्र अजून वेगातच असते. तळाचा कल वेग उतरेल तसा हळूहळू उतरतो.

दुसरा संशयित म्हणजे वारा, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सह्याद्रीच्या खिंडींतून येणारा वारा शिवसागराच्या लांबट पाण्यावर आडवा लागतो. तो बोटीला बाजूला ढकलतो, चालक नकळत सुकाणू वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवतो आणि बोट वाऱ्याकडेच झुकून पळते. पाहणाऱ्याला वाटतं बोटच वाकडी. म्हणून बोट नेहमी जाऊन-येऊन तपासावी. जाताना डावीकडे आणि परतताना उजवीकडे कलली तर बोटीत दोष नाही. वारा पडलेली सकाळ या कामाला सगळ्यांत चांगली. कधी असंही होतं की नाळ फार खाली दाबली गेलेली असते, पुढचा कणा पाणी चावतो आणि बोट एकदा इकडे, एकदा तिकडे पडते. इंजिनाचा कोन थोडा बाहेर घेतला की ते थांबतं. सुकाणू सतत एका बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वर मागच्या अंगाला असलेलं छोटं पातं पाहावं. बोट उजवीकडे सहज वळते आणि डावीकडे जड जाते, तर त्या पात्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे वळवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्याने माणसं महागडं काम काढून बसतात.

हे सगळं निवळल्यावर उरतो तो तळ. इथे खरी नजर लागते, कारण दोष बहुधा खाली गेलेल्या बाजूलाच शोधला जातो. तो वर उचलल्या गेलेल्या बाजूलाही असू शकतो. बोट पालथी करावी किंवा घोडीवर घ्यावी आणि गवंडी गिलावा सपाट करायला वापरतात तशी लांब, सरळ अॅल्युमिनियमची पट्टी मागच्या काठापासून पुढे, कण्याला समांतर लावावी. शेवटचा दीड मीटर महत्त्वाचा. पट्टी दोन्ही टोकांना टेकली आणि मधे उजेड दिसला, तर तिथे तळ आत गेला आहे आणि मागचा काठ खाली वळला आहे. पाणी त्या काठावर आपटतं, ती बाजू उचलते, बोट दुसऱ्या अंगावर पडते. याउलट पट्टी मधेच टेकली आणि टोकांना हलली, तर तिथे पोट आलं आहे. पाणी त्या गोलाईवरून वाहताना तळाला खाली ओढतं आणि तीच बाजू बसते. दोन्ही बाजूंना, कण्यापासून सारख्याच अंतरांवर मोजून आकडे लिहावेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक हाताला लागतही नाही, पण वरचा हिशेब पाहिला तर तो हसण्यावारी नेता येत नाही.

हा दोष येतो कुठून? कोयनेचा साठा पूर्ण भरला की 105 टीएमसीच्या पुढे जातो. उन्हाळ्यात पाणी खूप खाली उतरतं आणि काठ दगडगोट्यांचा, उताराचा, उघडा पडतो. फायबरची बोट महिनोन्महिने दोन-तीन दगडांवर विसावली, मागच्या फळीला इंजिनाचं वजन लटकलेलं, वरून ऊन, की तळाला तोच आकार बसतो. एखाद्या भेगेवर घाईने चढवलेलं जाड ठिगळ हेही तेच काम करतं. दुरुस्ती अवघड नाही. आत गेलेला भाग राळेच्या लांबीने भरून पट्टीला सरळ आणायचा, पोटाच्या मागची उतरती जागा भरून सपाट करायची, कडा धारदार ठेवायची. पण आधी तळावर लाकडी हातोडीने टकटक करावी. आवाज बद्द आला तर आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या सुटल्या आहेत किंवा फोम पाणी प्यायला आहे. अशी बोट जमिनीवर सरळ दिसते आणि वेगात दाबाने तळ लवतो. तिच्यावर बाहेरून लांबी चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. माणसं सरकवून बोट सरळ चालतेच ना, मग हा खटाटोप कशाला? कारण माणसं प्रत्येक फेरीला बदलतात, आणि त्याहून महत्त्वाचं, वेग अचानक उतरतो. समोर तराफा आला, जाळं आलं, चालकाने जोर काढला, की तळाचा कल काही क्षणांत विरतो आणि समतोलासाठी उजवीकडे बसवलेलं वजन तिथेच राहतं. बोट आता उजवीकडे पडते आणि त्याच वेळी मागून स्वतःचीच लाट येते. दोन मीटर रुंदीच्या बोटीला पाच अंशांचा कल म्हणजे एका बाजूचा काठ जवळजवळ 9 सेंटीमीटर पाण्याकडे. भरल्या बोटीत एवढंच अंतर शिल्लक असतं कधी कधी. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला महापुरातून माणसं काढताना बोट उलटली ती वेगात कलल्यामुळे नव्हे. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पण म्हणूनच तिथून शिकायचं ते हे की भरलेल्या बोटीत वजनाशी खेळायला जागा उरत नाही. वेगाचं दुखणं वजनाने झाकणारा ती जागा आधीच खर्चून बसतो.

मागच्या काठाखाली पातळ पाचर किंवा छोटी झडप लावणं हेही ठिगळच नाही का, असं कुणी विचारेल. ठिगळ आहे, पण योग्य जातीचं. पाचरीची उचल तळाच्या दोषाप्रमाणेच वेगाच्या वर्गाने वाढते आणि बोट थांबली की शून्य होते, म्हणून ती मागे काही ठेवून जात नाही. तळ सरळ करणं शक्य नसेल तर खाली बसणाऱ्या बाजूला तीन मिलिमीटरची पाचर लावून सुरुवात करावी, आणि ती लावलेली आहे हे बोटीच्या नोंदीत लिहून ठेवावं, नाहीतर पुढचा कारागीर तिलाच दोष समजून काढून टाकेल.

सांगलीत पुराच्या वेळी रबरी बोटी उतरतात तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची खूण ओलांडल्यावर तळ मोजायला कुणाला सवड नसते. रबरी बोटीच्या एका बाजूच्या नळीत हवा कमी असली तरी उभ्याने ती दिसत नाही, कारण सैल नळीचंही आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं आणि ती तेवढीच तरंगते. वेगात मात्र पाण्याचा दाब तिला चेपतो आणि बोट त्या बाजूला बसते. उन्हात भरलेली हवा थंड पुराच्या पाण्यात आणखी आकसते. म्हणून हवा बोट पाण्यात ठेवल्यावर पुन्हा मोजायची, दोन्ही बाजूंना, हाताने दाबून अंदाजाने नव्हे तर मापकाने. फायबरच्या बोटींचा तळ मोजायला मात्र मे महिना योग्य. पाणी उतरलेलं असतं, बोटी काठावर असतात, आणि पट्टी लावण्यासोबत त्या दगडांवरून उचलून तळाच्या आकाराच्या लाकडी घोडीवर ठेवल्या तर पुढच्या वर्षी मोजताना आकडे तेच राहण्याची शक्यता बरीच वाढते.